आतल्या टायरला कोण विचारतो?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे काही सुचत नव्हतं, आणि सुचलं तेव्हा वेळ नव्हता. पण दिवाळीत भिंगारला गेलो असताना धाकट्या चुलतभावाशी वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला. घरात पाहुणे, ताटात चकल्या, आणि मी आपला ट्रकच्या हवेवरून आवाज चढवून बोलतोय! आईने डोळे वटारले, मी गप्प बसलो. ते पोटात राहिलेलं आज इथे बाहेर काढतोय. भाऊ हा ब्लॉग वाचतो, त्याची बायको त्याहून जास्त वाचते. "घरचं भांडण नेटवर कशाला, दादा?" असा फोन येणार हे धरून चाललोय.

ज्यांनी भिंगार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: नगरला (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, पण माझ्या तोंडातून नगरच निघतं) चिकटून असलेलं हे कॅन्टोन्मेंटचं गाव. पाथर्डीचा रस्ता इथूनच जातो. पुढे डोंगरावर चांदबीबीचा महाल (जी खरं तर सलाबतखानाची कबर आहे, पण असो), मग करंजीचा घाट, तिसगाव, पाथर्डी. आमच्या तात्यांनी म्हणजे चुलत्यांनी याच रस्त्यावर आयुष्यभर ट्रक पळवले. आता भाऊ पळवतो. मी नोकरीच्या मागे बाहेर पडलो, त्यामुळे "तुला काय कळतंय गाडीतलं" हे वाक्य मला दर दिवाळीला फराळाबरोबर मिळतं.

तर वाद असा होता. भाऊ म्हणाला, "हवा काय मोजायची, दादा? टामी मारली की कळतं. तात्यांनी चाळीस वर्षं तसंच केलं." टामी म्हणजे ट्रकच्या केबिनमध्ये असणारी लोखंडी पहार. गाडी निघायच्या आधी क्लीनर उतरतो, एकेका टायरवर टामी हाणतो, ठण्ण आवाज आला की हवा ठीक, धप्प आवाज आला की पंक्चर. ड्रायव्हर केबिनमधूनच ऐकतो, बिडी टाकतो, गाडी हलते. तुम्ही कुठल्याही ढाब्यावर पहाटे थांबा, हे संगीत ऐकू येईल.

माझं म्हणणं इतकंच की हे मोजणं नाही. हे टायर जिवंत आहे की मेला एवढं बघणं आहे. आजारी टायर टामीला कळत नाही. आणि गाडीखाली जातो तो आजारी टायर.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही पैज लावली. भावाची दहाचाकी दोन दिवस दारात उभी होती, रिकामी, त्यामुळे टायर पूर्ण थंड. भाऊ आणि त्याचा जुना ड्रायव्हर, दोघांनी टामी घेऊन आळीपाळीने दहाही टायर वाजवले आणि दहाही पास केले. मग मी पिशवीतून हवेचा मीटर काढला. या गाडीत हवा ११० पाउंड असायला हवी, म्हणजे दर चौरस इंचाला ११० पाउंड दाब. पुढचे दोन्ही टायर ठीक निघाले. मागे डाव्या बाजूला पहिल्या जोडीत बाहेरचा १०८, आतला ८४. दुसऱ्या जोडीत बाहेरचा ११२ आणि आतला ६१. एकसष्ट! उजवीकडे बाहेरचा १०६, आतला ९७. शेवटच्या जोडीत बाहेरचा १०९, आणि आतल्याचा आकडाच मिळाला नाही, कारण त्याचा व्हॉल्व असा वाकडा फिरला होता की मीटरचं तोंड त्याच्यावर बसेचना. म्हणजे त्या टायरची हवा किती महिने कोणी मोजली नव्हती हे मोजताच आलं नाही.

भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मीटर चायनाचा असेल." मी तोच मीटर पुढच्या टायरला परत लावला, ११०. तरीही वाद संपला नाही, म्हणून हे लिखाण.

आता ब्लॉगवरची निम्मी मंडळी विचारतील की आतला, बाहेरचा हे काय प्रकरण आहे. ट्रकच्या मागच्या बाजूला एकेका टोकाला दोन दोन टायर शेजारी शेजारी असतात, एकाच हबला नटांनी आवळलेले. बाहेरचा आपल्याला दिसतो. आतला त्याच्या मागे, ब्रेकच्या ड्रमला लागून. त्याचा व्हॉल्व बाहेरच्या चाकाच्या डिस्कला असलेल्या भोकातून हात घालून शोधावा लागतो. तिथे काळोख, ग्रीस, चिखल, आणि गाडी चालून आली असेल तर ड्रम असा तापलेला की हात भाजतो. व्हॉल्वला जोडायची एक साधी लांब नळी मिळते, ती लावली की आतल्या टायरची हवा बाहेर उभं राहून मोजता येते. भिंगारच्या आमच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या मी त्या सुट्टीत मुद्दाम बघत हिंडलो. लिंबू-मिरची प्रत्येकीला होती. नळी फारच थोड्यांना.

या जोडीतच खरी गोम आहे. पुढच्या एकट्या टायरची हवा गेली तर स्टिअरिंग ओढतं, ड्रायव्हरला हातात कळतं. मागच्या जोडीत आतल्याची हवा गेली तर बाहेरचा भाऊ त्याचा भार उचलतो. गाडी वाकत नाही, ओढत नाही, काही बोलत नाही. (आमच्या एकत्र कुटुंबातही एक असाच भाऊ होता, पण तो विषय नको.) बाहेरून बघाल तर जोडी ठणठणीत. आत मात्र कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्याची बाजू वाकते आणि सरळ होते. तार वाकवून वाकवून तुटण्याआधी गरम होते ना, तसं त्याचं होतं. रबर आणि आतल्या तारा यांची पकड सुटायला लागते. त्यात शेजारी तापलेला ड्रम, आणि वारा लागायला जागा नाही. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे आतल्या टायरवर आधीच थोडं जास्त वजन येतं. हवा आणखी कमी असली की दोघांची पोटं एकमेकांना घासतात. मग धूर, आणि नशीब फारच वाईट असेल तर आग.

टायर कंपन्यांना हे सगळं माहीत आहे. टायरच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं असतं, आपण वाचत नाही. १०.०० आर २० मापाचा १६ प्लायचा रेडियल घ्या. एकटा लावला तर ३००० किलो, जोडीत लावला तर २७२५ किलो. तोच टायर, तीच हवा, पण जोडीत गेला की कंपनी २७५ किलो कापून घेते. कारण जोडीतले दोघं कधीच बरोबरीने वजन उचलत नाहीत. आणि हे आकडे पूर्ण दाबाचे, तेही थंड टायरचे.

आता दुसरा हिशोब बघा. चार टायरांच्या एका मागच्या आसावर पूर्वी साधारण १०.२ टन चालायचे. १६ जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते ११.५ टन झाले. माल वाहणाऱ्यांनी पेढे वाटले. ११.५ टन भागिले चार म्हणजे टायरमागे २८७५ किलो. वर लिहिलेला आकडा २७२५. म्हणजे कायद्याने चालणाऱ्या वजनालाही तो टायर अपुरा, १८ प्लायचा ३००० किलोवाला घ्यायला हवा, आणि त्याला हवाही जास्त हवी. हे भागाकार किती मालकांनी केले? आणि आपल्याकडे कायद्याने चालणारं वजन भरतो कोण? त्यात जोडीतला एक बसला की दुसऱ्याच्या डोक्यावर पाच टनांच्या वर जातात, त्याची ताकद एकट्याने तीन टनांची. म्हणून पहिला गेला की थोड्या अंतरावर दुसराही जातो, आणि गाडीवाला कपाळावर हात मारून म्हणतो, "एका दिवसात दोन टायर फुटले हो, साडेसाती!"

मला खरा राग या वाक्याचा येतो. टायर फुटला. मराठीत फुटणं आणि फोडणं असे दोन शब्द आहेत, आणि लहान पोरालाही त्यातला फरक माहीत असतो. कप हातातून पडला की पोरगं "कप फुटला" म्हणतं, "मी फोडला" म्हणत नाही. आपण त्याला दटावतो. पण पेपरात दर आठवड्याला येतं की टायर फुटून ट्रक उलटला, टायर फुटून टेम्पो विरुद्ध बाजूला गेला, आणि आपण मान हलवून पान उलटतो. जणू टायरच्या मनात आलं आणि तो फुटला. हवा कोणी मोजली होती का, केव्हा मोजली होती, गाडीत मीटर होता का, हे प्रश्न त्या बातमीत नसतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. तेव्हाही चालकाचं पहिलं सांगणं टायर फुटल्याचंच होतं. नंतर आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याची खूण नसल्याचं आलं. म्हणजे हे वाक्य इतकं सोयीचं झालंय की न फुटलेल्या टायरच्या नावावरही खपून जातं.

माझ्याही नावावर असं एक वाक्य आहे. घरातल्या कोणाला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांचा होतो. सुट्टीत तात्यांच्या गाडीबरोबर शेवगावला गेलो. सहाचाकी गाडी, कापसाच्या गाठी भरलेल्या. ड्रायव्हर, मी, आणि माझ्याच वयाचा एक क्लीनर, पाथर्डीकडच्या एका वाडीतला. ड्रायव्हरला तो उस्ताद म्हणायचा आणि मला शेठ, मी सतरा वर्षांचा असूनही. परतताना पाथर्डीत चहाला थांबलो. उस्ताद मला म्हणाला, "शेठ, आज तुम्ही बघा हवा." मला कोण आनंद! टामी घेतली आणि सगळे टायर वाजवले. खरं सांगायचं तर बाहेरचेच वाजवले. आतल्यांवर टामी नीट पोचत नव्हती, एकदा वेडीवाकडी लागली, आवाज काय आला ते मला कळलं नाही. मी ओरडलो, "ओके!"

करंजी घाटात रबर जळाल्याचा वास यायला लागला. घाट संपल्यावर एका पंक्चरवाल्याकडे गाडी लावली. डावीकडचा आतला टायर बसत आलेला होता आणि असा तापलेला की पाणी टाकलं तर चर्र झालं असतं. चाक काढायचं म्हणजे जॅक, दहा नट, तासभर. संध्याकाळच्या आत गाडी नगरला लावायची होती. उस्ताद म्हणाला, "मारून घे शंभर, घरी जाऊन बघू." क्लीनरने भोकातून हात घालून नळी व्हॉल्वला धरली. थोडा वेळ काही झालं नाही. मग आवाज झाला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, भिंगारला लष्कराच्या सरावाचे आवाज लहानपणापासून ऐकूनसुद्धा.

त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. डाव्या कानाला नंतर कधी ऐकू आलं नाही. तात्यांनी दवाखान्याचा खर्च केला, वर काही पैसे त्याच्या बापाच्या हातात ठेवले. बाप त्यांच्या पाया पडला, हे मी दाराआडून पाहिलं. घरात बोलणं झालं ते एवढंच: टायर फुटला, पोराचं नशीब. मला कोणी काही विचारलं नाही. हवा बघायला कोण उतरलं होतं हे उस्तादला माहीत होतं, पण तो मालकाच्या पुतण्याचं नाव कशाला घेईल? आणि मी कशाला सांगेन? पुढे तो गावी शेळ्या वळायचा एवढं कानावर आलं.

कमी हवेवर चाललेला टायर आतून मोडलेला असतो. बाहेरून दिसत नाही. त्यात पुन्हा पूर्ण दाबाची हवा भरली की मोडक्या बाजूवर तो सगळा दाब येतो आणि ती चेन उघडावी तशी उसवते. म्हणून ट्रकच्या टायरचा नियम असा की ठरलेल्या दाबाच्या पाचव्या हिश्श्याने हवा कमी निघाली तर तो टायर बसलेलाच धरायचा. ११० च्या ठिकाणी ८८ च्या खाली गेला की हवा मारायची नाही. चाक उतरवायचं, टायर उघडायचा, आत हात फिरवून बघायचा, आणि परत भरताना लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांबून भरायचा. मी पाहिलेल्या पंक्चरच्या दुकानांत पिंजरा अपवादानेच दिसला. टायरवर पाय देऊन उभा राहिलेला पोरगा मात्र सगळीकडे दिसला.

आता भावाची उत्तरं घेतो, कारण ती एकट्या त्याची नाहीत.

"उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, नाहीतर फुगून फुटतो." हे मी इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की हसावं की रडावं कळत नाही. टायर तापला की दाब वाढतो हे खरं. सकाळी २० अंशांना ११० असलेला दाब आतली हवा ६० अंशांवर गेली की १२७ च्या आसपास दिसेल. पण टायर बनवणाऱ्याने हे धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. आता ढाब्यावर कोणी १२७ बघून घाबरला आणि हवा सोडून ११० केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर ९५ वर असतो. तो जास्त वाकतो, जास्त तापतो, पुन्हा दाब वाढलेला दिसतो, पुन्हा सोडतात. तापानं फणफणलेल्या पोराला पांघरूण घालून वर शेकोटी पेटवायची, तसला उपाय.

"नायट्रोजन भरलाय, बघायची गरज नाही." साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि व्हॉल्व गळका असेल तर तो आत काय भरलंय ते विचारून गळत नाही.

"जोडीत एकाची हवा थोडी इकडेतिकडे चालते." चालत नाही. कमी हवेचा टायर वजनाखाली जास्त दबतो, म्हणजे त्याचा घेर छोटा झाल्यासारखा होतो. पण दोघं एकाच हबला बांधलेले, फेरे सारखेच मारायचे. समजा व्यासात अर्ध्या इंचाचा फरक पडला. एका फेऱ्याला दोघांच्या घेरात चार सेंटीमीटरचा फरक. किलोमीटरला साधारण ३१० फेरे. म्हणजे दर किलोमीटरला बारा मीटर कोणीतरी एक घासत, फरफटत जातो. नगरहून पाथर्डीला पोचेपर्यंत सहाशे मीटर. भिंगार वेशीपासून एक टायर सहाशे मीटर नुसता ओढत नेला तर भाऊ मला वेडा म्हणेल. रोज तो हेच करतो आणि मग टायर कंपनीला शिव्या देतो की माल हलका यायला लागलाय. नवा टायर जुन्या झिजलेल्याच्या जोडीला लावणारे पण यातच आले. आणि हवा कमी म्हणजे डिझेल जास्त, हे त्याला मी वेगळं सांगायला नको, पंपाचं बिल तोच भरतो.

"वेळ कुठे असतो, दादा?" हे एक उत्तर मात्र खरं आहे, आणि इथे माझा राग भावावरून पुढे सरकतो. दहा टायर मीटरने मोजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहाटे, थंड टायरवर. त्या वीस मिनिटांचे पैसे कोणी देतं? व्यापाऱ्याला माल पोचायची वेळ ठाऊक असते, मालकाला फेऱ्या ठाऊक असतात, ड्रायव्हरला पगार फेरीवर. क्लीनरला तर आता गाडीवर ठेवतच नाहीत, परवडत नाही म्हणून. मग भोकातून हात घालणार कोण? रात्रभर गाडी चालवून आलेला एकटा ड्रायव्हर? त्याने टामी मारली तरी उपकार म्हणायचे. म्हणून ड्रायव्हरांना नियम शिकवणारी भाषणं मला सहन होत नाहीत. मीटर मालकाने घ्यायचा. आतल्या व्हॉल्वची नळी मालकाने लावून द्यायची. वीस मिनिटांचे पैसे भाड्यात धरायचे, आणि व्यापाऱ्याने ते द्यायचे. गाडी भरायला दोन तास लागले तर ज्याला चालतं, त्याला हेही चालायला हवं.

आणि हे फक्त आपल्याकडचंच अडाणीपण आहे असं समजून वरच्या अंगाने हसू नका. अमेरिकेत २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीला टायरची हवा कमी झाली की दिवा लागणारी यंत्रणा सक्तीची आहे. मी तो नियम हौसेने वाचला. त्यात लिहून ठेवलंय की जोडचाकांची वाहनं यातून वगळली आहेत! मोठे ट्रक तर त्या नियमात मुळात नव्हतेच. युरोपाने मात्र जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकला ती सक्तीची केली. म्हणजे ज्या टायरला बघायला सगळ्यात अवघड, त्याला जगात सगळीकडेच शेवटी विचारलं गेलं.

पण भिंगारला तरी हे शोभत नाही. आमच्या अंगणात लष्कराची रणगाड्यांची शाळा आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, नगरलाच व्हीआरडीई आहे, जिचं नाव केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या वाहन तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकन 'डक' ट्रकमध्ये ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता यायची. ऐंशी वर्षं झाली त्याला. आणि संस्थेपासून हाकेच्या अंतरावर आम्ही अजून टामी मारून कान लावतो, डॉक्टरने पेशंटच्या पाठीत गुद्दा घालून ब्लडप्रेशर सांगावं तसं.

दिवाळी झाली की पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. याही वर्षी मी परत येताना त्या गाड्या बघितल्या. वर संसार, भांडी, शेळ्या, म्हाताऱ्या बाया, तान्ही पोरं, आणि त्या सगळ्यांच्या खाली त्या आतल्या जोड्या. मी गाडीच्या खिडकीतून टायर मोजत बसलो आणि बायको म्हणाली, "पुरे आता." तिचंही बरोबर आहे.

भावाला मी मीटर ठेवून आलोय. दोन तोंडांचा आहे, एक तोंड पुढे आणि एक मागे वळलेलं, म्हणजे आतला आणि बाहेरचा दोन्ही व्हॉल्व त्याच्यात बसतात. ६१ वाला टायर मी असेपर्यंत उघडला, आतून बाजूच्या रबराचा भुगा निघाला. ओंजळभर. भावाने तो कागदावर घेऊन बघितला आणि काही न बोलता टाकून दिला. वाकड्या व्हॉल्वचं चाक मात्र "पुढच्या आठवड्यात बघतो" यावर राहिलं.

काल त्याचा मेसेज आला. शुभेच्छा नाहीत, कसा आहेस नाही, नुसते ओळीने दहा आकडे. नऊ ठीक आहेत. दहावा ७९, आणि पुढे लिहिलंय, "हवा मारतो आता."

अरे, मारू नकोस. ८८ च्या खाली आहे. आधी चाक उतरव.